टोल्युइन खोलीची वही: हिंगणा एमआयडीसी, नागपूर

काम: रबर ॲडहेसिव्ह बनवणाऱ्या युनिटमधली टोल्युइन (रबर विरघळवणारं, सहज पेटणारं थिनर) साठवायची आणि ओतायची खोली नव्याने लावणं. खोली ४ बाय ५ मीटर, उंची ३ मीटर. एका वेळी २०० लिटरचे जास्तीत जास्त सहा ड्रम. रोज २० लिटरचे आठ-दहा कॅन भरून मिक्सरकडे जातात.

१ डिसेंबर

आहे ती परिस्थिती लिहून घेतली.

एक्झॉस्ट पंखा आहे, पण छताजवळ. टोल्युइनची वाफ हवेच्या सुमारे ३.१ पट जड. ती जमिनीलगत पसरते, दारातून बाहेर सरकते, आणि पंखा वरची चांगली हवा फेकत बसतो. ड्रम लाकडी पॅलेटवर उभे. ओतायला प्लास्टिकची बादली आणि प्लास्टिकचं नरसाळं, त्यात कचरा अडवायला मलमलचं फडकं. नळी तोंडाने ओढून सायफन सुरू करतात. दाराबाहेर दीड मीटरवर देवाचा फोटो, सकाळची उदबत्ती तिथेच. वॉचमनच्या खुर्चीला डास मारायची रॅकेट टांगलेली. कोपऱ्यात मोरी, ती थेट गटाराला.

दोन तासांत होण्यासारखं होतं ते आजच केलं. फोटो ऑफिसात हलवला, पूजा तिथे. रॅकेट गेटच्या केबिनमध्ये. मोरी सिमेंटने बंद. टोल्युइनची घनता ०.८७ आणि पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, म्हणजे गटारात गेलं की पाण्यावर तरंगत शेजारच्या प्लॉटपर्यंत जाणार, आणि तिकडे पेटलं तर आग त्याच वाटेने परत येणार.

तोंडाने ओढणं आजपासून बंद. पोटात गेलेल्यापेक्षा फुप्फुसात उतरलेला घोट वाईट, थोड्याशानेही रासायनिक न्यूमोनिया होतो. कुणी गिळलंच तर ओकारी काढायला लावायची नाही, कारण वर येताना तेच श्वासनलिकेत जातं. दूध नाही, मीठपाणी नाही. थेट दवाखाना, आणि डॉक्टरांना दाखवायला सोबत एसडीएसची (रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाची) प्रत.

परवाना आणि मंजूर नकाशा काढून खोलीशी ताडून पाहिला. पेट्रोलियम कायदा १९३४ नुसार कुठलाही द्रव हायड्रोकार्बन म्हणजे पेट्रोलियम, आणि २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) असलेला माल वर्ग अ. टोल्युइन त्यात बसतं. विक्रीसाठी नसलं तरी ३० लिटरच्या पुढे परवाना लागतो. 'आम्ही पेट्रोल ठेवत नाही' हे वाक्य इथे उपयोगाचं नाही. पंखा खाली आणायचा तर भिंत फोडावी लागेल, म्हणून आधी सुधारित नकाशा, मग छिन्नी-हातोडा. पेसोचं (हा परवाना देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं) मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे, पण अर्ज ऑनलाइनच करायचा.

४ डिसेंबर

सगळ्यांचा समज एकच: थिनर उन्हाळ्यात जपायचं, थंडीत काही होत नाही. म्हणून आकडे मांडले.

टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश. हवेत त्याची वाफ साधारण १.१ ते ७.१ टक्के असेल तर मिश्रण पेटतं. त्याखाली विरळ, त्यावर दाट. बंद ड्रमच्या रिकाम्या जागेत किती वाफ साचणार हे तापमान ठरवतं: १० अंशांना १.६ टक्के, २० ला २.९, ३० ला ४.८, ३८ ला ७.१, ४५ ला पावणेदहा. (हे समुद्रसपाटीचे आकडे. नागपूर ३१० मीटरवर, इथे किंचित जास्त.)

आता हे आपल्या हवामानाला लावून बघा. मेच्या दुपारी ४५ अंशांना ड्रमच्या पोटातलं मिश्रण इतकं दाट असतं की आत ठिणगी पडली तरी पेटणार नाही. तेव्हाचा धोका बुचाबाहेर, जिथे वाफेत हवा मिसळते. डिसेंबरात मात्र सकाळी १२ आणि दुपारी २८, म्हणजे ड्रमचं पोट चोवीस तास पेटण्याच्या पट्ट्यात. त्यातही सगळ्यात कमी ठिणगीत पेटतं ते मिश्रण २.३ टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे २० ते २५ अंशांना. स्वेटर काढून उन्हात चहा प्यावा अशी ती वेळ. मेमध्येही पहाटे पारा ३० च्या आसपास येतो, तेव्हा आतलं मिश्रण पुन्हा पट्ट्यात येतं.

म्हणून खोलीचे नियम ऋतूप्रमाणे सैल-घट्ट करायचे नाहीत. 'हिवाळ्यात एक्झॉस्ट बंद ठेवला तरी चालेल' ही भिंतीवरची जुनी सूचना खरवडून काढली.

९ डिसेंबर

अर्थिंग (धातू जमिनीशी जोडणं) आणि बाँडिंग (ड्रम आणि कॅन एकमेकांशी जोडणं). सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता.

टोल्युइन विजेचं फार वाईट वाहक आहे. नळीतून वाहताना, फडक्यातून गाळताना, वरून पडून शिंतोडे उडताना त्यात चार्ज साचतो आणि लवकर उतरत नाही. पेटवायला ०.२४ मिलिज्यूल पुरतात. कोरड्या दिवशी नायलॉनचा शर्ट घालून खुर्चीतून उठलेल्या माणसावर १० किलोव्होल्ट चढले तर त्याच्या बोटातली ठिणगी सात-साडेसात मिलिज्यूलची, तीसपट. दोन किलोव्होल्टची ठिणगी तर बोटाला जाणवतही नाही, तरी तिची ऊर्जा ०.३ मिलिज्यूल. 'मला काही झटका बसला नाही' याला म्हणून काही अर्थ नाही.

जुन्या पद्धतीत काय काय चुकत होतं:

प्लास्टिकची बादली. हिला अर्थ करताच येत नाही, अर्थिंगची वायर कुठे लावणार? त्यातही वाईट तिची तारेची कडी. प्लास्टिकने वेगळा पडलेला तो धातूचा तुकडा चार्ज गोळा करतो आणि ड्रमच्या काठाजवळ येताच एका दमात सोडतो. बादल्या सगळ्या बाद. आता फक्त धातूचे झाकणवाले कॅन.

मलमलचं फडकं. गाळणीतून जाताना द्रवाचं घर्षण अनेक पटींनी वाढतं आणि चार्जही. गाळायचंच असेल तर ओतण्याच्या टोकाला नको, अलीकडे पाइपमध्ये. मालात कचरा का येतो हे पाहिलं तर तो ड्रमच्या बुचावरच्या धुळीतला निघाला. बूच उघडण्याआधी ओल्या फडक्याने पुसलं की गाळायचं कामच उरत नाही.

लाकडी पॅलेट. कोरडं लाकूड ड्रमला जमिनीपासून तोडतं. पॅलेट काढून लोखंडी स्टँड बसवला. स्टँडवरून २५ बाय ३ मिलिमीटरची तांब्याची पट्टी भिंतीलगत फिरवून अर्थ पिटला (जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपला) जोडली. पट्टीवरून दोन लवचीक वायरी काढल्या, एक ड्रमला, एक कॅनला.

पहिली तपासणी नापास झाली. क्लँप ड्रमच्या अंगाला लावला तर मीटरवर काहीच येईना. कारण रंग. ड्रमला जाड निळा इनॅमल, आणि साधा मगर-क्लिप त्यावर नुसता बसतो, आत शिरत नाही. क्लँप बदलून टोकदार दातांचा, जोरकस स्प्रिंगचा घेतला आणि अंगाऐवजी वरच्या काठाला लावला. दातांनी रंग कापून पत्रा गाठला की मीटर ०.६ ओहम दाखवतो. रोज पहिला कॅन भरण्याआधी हे मोजायचं, १० ओहमच्या आत हवं, वहीत लिहायचं.

एक स्पष्टीकरण, कारण प्रश्न आला. स्टॅटिक उतरायला दहा लाख ओहमसुद्धा चालतात. मग १० ओहमच्या आतचा आग्रह कशाला? धातू-धातूची जोडणी पक्की असेल तर आकडा लहानच येतो. मोठा आला म्हणजे कुठेतरी गंज आहे, सैल नट आहे किंवा वायर आतून तुटली आहे, आणि उद्या ती पूर्ण सुटेल.

१० डिसेंबर

क्रम ठरला, पत्र्यावर रंगवून लावला: दोन्ही क्लँप लावा, मग झाकणं उघडा, मग पंप. भरून झाल्यावर एक मिनिट थांबा, झाकणं लावा, शेवटी क्लँप काढा. क्लँप लावताना आणि काढताना ठिणगी पडू शकते. ती पडायचीच असेल तर दोन्ही तोंडं बंद असताना पडू दे.

१७ डिसेंबर

हाताने फिरवायचा ओतीव लोखंडी रोटरी पंप बसवला, २ इंची बुचात. पाऊण इंची बुचात व्हेंट, म्हणजे ड्रम आत खेचला जात नाही. बूच उघडायला ब्राँझची की.

पंपाच्या तोंडाला २५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा पाइप आहे. कॅनमधलं टोक बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या खाली हवा. या व्यासात त्याचा हिशेब मिनिटाला २९ लिटर, म्हणजे २० लिटरचा कॅन ४० सेकंदांच्या आत भरला तर हात जास्त जोरात फिरतोय. पाइप कॅनच्या तळापर्यंत जातो. वरून धार सोडायची नाही. धार फुटली की थेंबांवर चार्ज, वर वाफही जास्त.

पाइप धातूची तार विणलेला घेतला. पहिल्यांदा आलेल्या पाइपमध्ये तार होती, पण दोन्ही टोकांच्या कपलिंगला जोडलेलीच नव्हती. नुसतं 'वायर ब्रेडेड' छापलेलं वाचून समाधान मानू नका. टोकापासून टोकापर्यंत मीटर लावून बघा.

३ जानेवारी

रिकाम्या ड्रमांचा विषय. मागच्या अंगणात नऊ पडले आहेत, त्यातले दोन अर्धे कापून कचऱ्याला वापरायचे असं कुणीतरी ठरवलं होतं आणि गॅस कटरवाल्याला फोनही झाला होता. थांबवलं.

२०० लिटरचा ड्रम पेटण्याच्या हद्दीत यायला साधारण १० मिलिलिटर टोल्युइन पुरतं. चहाचे दोन चमचे. ड्रम उलटा करून निथळला तरी तळाच्या कडेला, बुचाच्या आट्यांत, चिकटलेल्या मळात याहून जास्त उरतं. पंधरा दिवस उघडा ठेवला म्हणूनही भरवसा नाही. कटरची ज्योत लागली की मळातलं टोल्युइन वाफ होऊन बाहेर येतं आणि झाकण छातीवर येतं. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकाम्या ड्रमने माणसं जास्त जखमी होतात, यावर आमचा विश्वास बसलेला आहे.

नियम: रिकामा ड्रम म्हणजे दोन्ही बुचं घट्ट लावलेला ड्रम, सावलीत, 'रिकामा, टोल्युइन' असं लिहून. वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडर त्याच्या आसपासही नाही. तो घातक कचऱ्यात मोडतो (२०१६ चे नियम), म्हणून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचा. भंगारवाल्याला नाही, पाण्याची टाकी करायला कामगारांना तर नाहीच.

११ जानेवारी

गॅस डिटेक्टर आला. दोन गोष्टी समजून घेतल्या.

पहिली, मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेला होता. असा कॅटॅलिटिक (वाफ जाळून मोजणारा) सेन्सर टोल्युइनला खूप कमी प्रतिसाद देतो, पडद्यावर खऱ्याच्या जेमतेम अर्धं दिसतं. टोल्युइनचा गुणक घालून घेतला.

दुसरी महत्त्वाची. अलार्म एलईएलच्या (पेटण्याच्या खालच्या हद्दीच्या, इथे १.१ टक्के) १० टक्क्यांवर लावायची पद्धत आहे. ते १० टक्के म्हणजे ११०० पीपीएम (दहा लाखांत ११०० भाग). कारखाने कायद्याच्या (१९४८) दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम होती, आणि ५०० पीपीएमला जिवाला तात्काळ धोका मानतात. म्हणजे आगीचा अलार्म वाजेपर्यंत माणूस गरगरून बसलेला असतो. हा मीटर आगीसाठी आहे, फुप्फुसासाठी नाही. नाकावरही विसंबू नका. वास पहिल्या मिनिटाला येतो, पंधरा मिनिटांनी नाकाला सवय होते.

हातमोजे: निळे नायट्राइल टोल्युइनला काही मिनिटंच टिकतात, मग फुगतात आणि आतून ओले लागतात. थेंबांपुरते ठीक, लगेच बदलायचे. पंप काढताना, गळती उपसताना व्हायटॉनचे (फ्लोरीन असलेल्या रबराचे). पीव्हीएचेही (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) उत्तम, पण ते पाण्याने खराब होतात, आणि आपल्याकडे मोजे धुवायची सवय फार चांगली आहे. हाताला लागलेलं रबर टोल्युइनने पुसणं बंद. आधी खोबरेल चोळायचं, मग साबण.

२२ जानेवारी

गळतीचा सराव, टोल्युइनऐवजी पाणी सांडून. हिशेब आधी सांगितला: एक लिटर टोल्युइन पूर्ण उडालं तर सुमारे २३५ लिटर वाफ होते. आपली खोली ६० घनमीटर. तीन लिटर उडालं की अख्खी खोली पेटण्याच्या हद्दीवर. जमिनीलगतचा थर त्याच्या कितीतरी आधी.

सरावात चुकलं ते असं: सगळ्यात आधी एकाने आत जाऊन दिवा बंद केला. हे करायचं नाही. चालू असलेलं चालू राहू दे, बंद असलेलं बंद. स्विच दाबणं हीच ठिणगी. लाइट आणि पंख्याची बटणं दाराबाहेर घेतली, तीही खोलीच्या भिंतीवर नाहीत.

कडेने वाळूचा बांध आधी, मधे वाळू नंतर. भुसा नको, तो स्वतःच जळतो. भिजलेली वाळू झाकणाच्या लोखंडी डब्यात. चिंध्याही तशाच. टोल्युइनच्या चिंध्या जवसाच्या तेलाच्या चिंध्यांसारख्या आपोआप तापत नाहीत, पण उघड्या ढिगातून वाफ येतच राहते.

आग विझवायला ९ लिटरचे दोन फोम आणि ६ किलोचा एक डीसीपी (कोरड्या पावडरचा) सिलिंडर, तिन्ही दाराबाहेर. आत ठेवलेला सिलिंडर आणायला आगीत जावं लागतं. पाण्याचा जोराचा फवारा जळत्या टोल्युइनवर मारला तर ते उडून पसरतं. पाणी लागतं ते शेजारचे ड्रम गार ठेवायला, तेही बारीक फवाऱ्याने.

दाराला १०० मिलिमीटरचा उंबरठा बांधला, ड्रमच्या ट्रॉलीसाठी दोन्ही बाजूंनी उतार. एक ड्रम पूर्ण फुटला तरी २० चौरस मीटरवर थर एक सेंटिमीटरचाच.

२८ फेब्रुवारी

नकाशा मंजूर होऊन आला. पंखा खाली आणला: जमिनीपासून ३०० मिलिमीटरच्या आत, समोरच्या भिंतीत तेवढ्याच उंचीवर हवेची जाळी. चौरस मीटरला मिनिटाला ०.३ घनमीटर हा हिशेब, म्हणजे आपल्याला तासाला ३६० घनमीटर, तासाला सहा वेळा खोलीची हवा बदलते.

मोटर फ्लेमप्रूफ (आतली आग बाहेर न जाऊ देणारी), टोल्युइन ज्यात मोडतं त्या गॅस ग्रुप टू-ए ला चालणारी. पात्यांवर वाद झाला. ॲल्युमिनियमची पाती 'नॉन-स्पार्किंग' म्हणून विकतात, पण ती गंजलेल्या लोखंडी रिंगला घासली तर चांगली तापलेली ठिणगी निघते. रिंगला आतून पितळी पट्टी बसवली.

१७ एप्रिल

दोन ड्रमांची झाकणं फुगली. सकाळी थंड गोदामातून आले आणि ट्रकवरून उतरवून दुपारभर उन्हात उभे राहिले. सगळे म्हणाले वाफेने फुगले. वाफेचा वाटा लहान. टोल्युइन दर अंशाला हजारात एक भागाहून थोडं जास्त पसरतं: २०० लिटर, ३५ अंशांची वाढ, म्हणजे साडेसात लिटर. ड्रममध्ये वर १६ लिटरच रिकामी जागा असेल तर ती जवळजवळ निम्मी होते आणि कोंडलेल्या हवेचा दाब दुप्पट. झाकण फुगून त्यातला थोडा सोसतं.

असा ड्रम लगेच उघडायचा नाही. सावलीत नेऊन रात्रभर ठेवला, सकाळी पाऊण इंची बूच अर्धा आटा फिरवून फुसकारा संपेपर्यंत थांबलो, मग पूर्ण. चष्मा लावून, चेहरा बाजूला. यापुढे गाडी दुपारी आली तर आधी सावली, मग चलन.

२६ मे

नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) काल लागला. खोलीत ४३ अंश. ओतणाऱ्या दोघांनी कूलर मागितला आणि मागणी रास्त आहे. पण साधा कूलर आत नाही: पंख्याची मोटर, पाण्याचा पंप, रेग्युलेटर, तिन्ही ठिणगीवाले. खिडकीत बाहेरून बसवला तरी दुसरी अडचण. कूलर तासाला हजारो घनमीटर हवा आत ढकलतो, एक्झॉस्ट ३६० ओढतो. उरलेली हवा वाफेसकट दारातून मिक्सरकडे जाणार.

तोडगा: कूलर मिक्सरच्या बाजूला, ओतण्याचं काम सकाळी ७ ते १०. तेव्हा ड्रमचं पोट पेटण्याच्या पट्ट्यात असतं हे ४ डिसेंबरच्या नोंदीत आहेच, म्हणून क्लँप आणि ०.६ ओहमची तपासणी तीच. हवेतल्या ओलाव्याने स्टॅटिक जातं असंही कुणी सुचवलं. कपड्यांवरचं कमी होतं, द्रवातलं नाही.

अर्थ पिट पुन्हा मोजला. डिसेंबरात ४ ओहम, आज ११. हिंगण्याची काळी माती उन्हाळ्यात आकसून पाइपपासून सुटते, बोट जाईल एवढी भेग होती. स्टॅटिकला ११ चालले असते, विजेच्या दोषाला नाही. भेगेत कोळसा-मीठ भरून दोन बादल्या पाणी, दोन तासांनी ५. पाऊस लागेपर्यंत दर सोमवारी पाणी घालायचं. सोमवारची सही वॉचमनने करायची.